सुरी, ढग आणि जाळे

'मोबाईल हा सुरीसारखा आहे. शल्यचिकित्सकाच्या हाती असली तर सुरी प्राण वाचवते, मारेकऱ्याच्या हाती असली तर प्राण घेते. दोष सुरीचा नसतो, हाताचा असतो.' गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात पालकांचा मेळावा भरला होता. तेथे पाहुण्या वक्त्यांनी हा दृष्टान्त दिला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो. खरे सांगायचे तर तो दृष्टान्त त्या वक्त्यांचा नव्हताच. आम्ही स्वतः गेली अनेक वर्षे प्रवचनांत, युवकांच्या शिबिरांत, लग्नाआधीच्या तयारीवर्गांत तो वापरत आलो आहोत. आज या पानांवरून आम्ही तो जाहीरपणे मागे घेत आहोत.

कारण सांगितले पाहिजे. त्या मेळाव्यानंतर पंधरवडाही उलटला नसेल, एक निवृत्त शिक्षिका आमच्या दारी आल्या. धर्मग्रामातल्या निम्म्या घरांनी त्यांच्या हाताखाली मराठीचे व्याकरण गिरवले आहे. सारे त्यांना बाई म्हणतात, आम्हीही बाईच म्हणतो. या बाई दोन दिवस आणि एक रात्र स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत, फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसून होत्या. पलीकडे गणवेशातला एक इसम होता. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हांला 'डिजिटल अरेस्ट' केली आहे, कॅमेऱ्यापुढून हललात किंवा कुणाशी बोललात तर पोलीस दारात येतील, असे त्याने बजावले होते. दाराची कडी आतून होती. खिडकीबाहेर शेजारीण अंगणात मिरच्या वाळत घालीत होती. तिला हाक मारण्याचा धीर बाईंना झाला नाही. 'चौकशीपुरते' म्हणून त्यांनी आयुष्यभराची शिल्लक सांगितलेल्या खात्यात भरली. आमच्यासमोर बसून त्या म्हणाल्या, 'फादर, मी अटकेत होते ना, मग उठणार कशी?' त्या एका प्रश्नाने आमच्या दृष्टान्ताचा कणा मोडला.

येथे सुरी कुणाच्या हातात होती? फोन तर बाईंच्याच हातात होता. म्हणजे सुरीच्या न्यायाने दोषही त्यांच्याच हाताचा! आणि गावात खरोखर तसेच बोलले गेले. 'एवढी शिकलेली बाई, आणि फसली कशी?' असे म्हणणारी माणसे दुष्ट नव्हती. ती आमचेच प्रवचन पुढे नेत होती.

'अटक' या शब्दात बेडी आहे, कोठडी आहे, पोलीस चौकीचा उंबरठा आहे. 'डिजिटल' हे विशेषण त्याला जोडले की बेडीही दिसत नाही आणि कोठडीही, पण भीती मात्र पुरेपूर शिल्लक राहते. भारताच्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या 'मन की बात'मध्ये हेच देशाला बजावून सांगितले. तरीही बाई खुर्चीत बसून राहिल्या, कारण शब्द त्यांच्या मनात आधीच शिरून बसला होता. पलीकडच्या भामट्याजवळ ना वॉरंट होते, ना अधिकार. त्याच्याजवळ एक रूपक तेवढे होते, आणि तेवढ्या भांडवलावर त्याने एका सुशिक्षित स्त्रीला तिच्याच घरात कोंडून ठेवले.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. या यंत्रांविषयी आपण जे बोलतो, ते जवळजवळ सारे रूपकांत बोलतो. टेबल, फोल्डर, टोपली, ढग, जाळे, विषाणू, भिंत, मित्र हे सारे शब्द दुसऱ्या घरून उसने आणलेले आहेत. ही रूपके निरुपद्रवी नाहीत. पडद्यामागे ज्याचा हात खरोखर काम करीत असतो, त्याचा हात ती झाकतात, आणि ज्याचा हात आपल्यापर्यंत पोचूच शकत नाही, त्याचा हात लांब करून दाखवतात. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर, ही रूपके वाक्यातला कर्ता पळवून नेतात.

कुणी म्हणेल, फादरांनी आता शब्दांशीच भांडण काढले. तसे नाही. धर्मगुरूने रूपकाशी वैर धरले तर त्याला तोंड उघडायला जागा उरणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचा महाग्रंथ १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापला गेला. आपल्या पूर्वजांपुढे तो त्यांनी 'पुराण' म्हणून ठेवला. त्या एका ओळखीच्या शब्दामुळे श्रोत्याला कळले, की येथे कसे बसायचे आणि कसे ऐकायचे. परके ते ओळखीचे करून देणे हे रूपकाचे पुण्यकर्म आहे. पण ओळखीचे वाटले की आपण चौकशी थांबवतो. रूपकाचा धोका तेथून सुरू होतो.

संगणकाच्या बाबतीत हे पुण्यकर्म प्रथम टेबलाने केले. अमेरिकेत पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथे १९७३ साली 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला, आणि १९८१ साली त्याच कंपनीने 'स्टार' हा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर कचेरीतले टेबलच मांडले होते. त्यावर कागद होते, फोल्डर होते, टपालाचे ट्रे होते. १९८४ च्या मॅकिंटॉशने हे टेबल सामान्य माणसापर्यंत नेले. ज्याला यंत्राच्या आज्ञा पाठ करणे जमले नसते, तो कारकूनही कागद उचलून फोल्डरमध्ये ठेवू लागला. सेमिनरीत असताना आम्ही प्रथम संगणकापुढे बसलो, तेव्हा याच चित्रांनी आमची भीती घालवली. ते ऋण आम्ही नाकारीत नाही.

पण टेबलाचे चित्र एक गोष्ट न बोलता सांगून जाते. टेबल तुमचे, खण तुमचा, कचऱ्याची टोपलीही तुमचीच. तुम्ही कागद टोपलीत टाकला आणि टोपली रिकामी केली, की कागद संपला. प्रत्यक्षात संगणकात बहुधा तसे घडत नाही. टोपली रिकामी केल्यावर सामान्यतः यादीतली नोंद तेवढी पुसली जाते आणि ती जागा मोकळी झाल्याचे यंत्र मानते. तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर तेथेच पडून राहू शकतो, आणि जाणकार तो वर काढू शकतो. शिवाय जो फोटो आपण दुसऱ्याला पाठवला, त्याची प्रत त्याच्या फोनमध्ये असते. तिथवर आपली टोपली पोचत नाही. 'फादर, मी तो फोटो डिलीट केला होता,' असे रडत सांगणारी मुलगी आमच्यासमोर बसते, तेव्हा तिला बेजबाबदार ठरवण्यापूर्वी आपण हे लक्षात घ्यावे, की तिने टोपलीवर विश्वास ठेवला होता. टोपलीचे ते चित्र तिच्या पडद्यावर मोठ्या माणसांनी काढून ठेवले होते.

टेबलानंतर ढग आला. आज बारशापासून अंत्यविधीपर्यंतचे आपले सारे फोटो 'क्लाउड'मध्ये असतात. वसईच्या शेतकऱ्याला ढग म्हणजे काय हे शिकवायला नको. ढग कुणाच्या मालकीचा नसतो, त्याला कुंपण नसते, तो बिल पाठवीत नाही. म्हणूनच या धंद्याला हा शब्द फार सोयीचा पडला. खरा ढग पाहायचा असेल तर फिनलंडमधील हामिना येथे जावे. तेथली एक जुनी कागद गिरणी गूगलने २००९ साली विकत घेतली आणि तिच्यात हजारो संगणकांचे केंद्र थाटले. तापणारी यंत्रे थंड ठेवण्यासाठी तेथे समुद्राचे पाणी वापरले जाते. ढगाला असा पत्ता असतो, सात-बारा असतो, विजेचे बिल असते आणि मालक असतो. आपला मजकूर त्याच्यापर्यंत आकाशातून जात नाही. तो बहुतांशी समुद्रतळावर टाकलेल्या केबलींतून जातो. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ अशा केबली तुटल्या, तेव्हा इकडे भारतात इंटरनेट रखडले. ढग तुटत नाही, केबल तुटते.

या ढगाने बिल पाठवले, तेही आपण पाहिले आहे. गूगलची फोटो साठवण्याची सेवा आरंभी 'हवे तितके ठेवा' म्हणत असे. १ जून २०२१ पासून नवे फोटो पंधरा गिगाबाइटच्या मर्यादेत मोजले जाऊ लागले. अधिक हवे तर भाडे भरा! कंपनीने भाडे मागणे हा गुन्हा नव्हे. गोदामवाला भाडे घेणारच. आमची तक्रार आहे ती ढग या शब्दाविषयी. ज्याने आपला मुद्देमाल गोदामात ठेवला आहे हे ठाऊक असते, तो किल्ली कुणाकडे, पावती कुठे आणि मालक मेला किंवा रुसला तर काय, हे विचारतो. ज्याने तो आभाळात ठेवला, तो कुणाला विचारणार?

यानंतरचा शब्द लिहिताना आमचा हात जड होतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, जमावाने पाच माणसांना ठेचून ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती. मुले पळवणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव पोचली होती. आपण काय म्हणालो? 'मेसेज व्हायरल झाला.' हे क्रियापद नीट पाहावे. 'झाला'. पाऊस झाला, अंधार झाला, तसा मेसेज व्हायरल झाला. रोगजंतू माणसाच्या इच्छेवाचून पसरतो. ताप आलेल्या माणसाला कुणी गुन्हेगार म्हणत नाही, उलट त्याची कीव करतात. हे रूपक पांघरले की अफवा पसरवणारा प्रत्येकजण रोगी ठरतो, आणि रोग्याला कबुलीजबाब द्यावा लागत नाही.

पण अफवेला पाय नसतात. तिला प्रत्येक पावलावर एक अंगठा लागतो. याचा पुरावा दूर शोधायला नको. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. त्यानंतर पुढे धाडल्या जाणाऱ्या संदेशांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. काय घडले होते? लस आली नव्हती, औषध आले नव्हते. अंगठ्याला वारंवार उठण्याचे कष्ट पडू लागले, एवढेच. रोग असा कष्टांना कंटाळत नाही. कंटाळतो तो माणूस.

'फॉरवर्ड' हा शब्दही याच कुळातला. 'मी काही लिहिले नाही, नुसते फॉरवर्ड केले,' हे वाक्य आम्ही किती सज्जनांच्या तोंडून ऐकले आहे! ते स्वतःला पोस्टमन समजतात. पोस्टमन बंद पाकीट पोचवतो. आतले वाचण्याचा त्याला अधिकार नाही, म्हणून त्याच्यावर जबाबदारीही नाही. आपण मात्र पाकीट उघडतो, वाचतो, चवीने वाचतो, आणि मग कुणाकुणाला धाडायचे ते निवडतो. हे काम पोस्टमनचे नव्हे. गावात दवंडी देणाराचे आहे. दवंडी देणारा चावडीवर उभा राहून खोटे बोलला, तर 'मी नुसती दवंडी दिली' ही सबब गावाने ऐकून घेतली असती काय?

आता सुरीकडे परत येऊ. सुरी खणात ठेवली की खणात राहते. रात्री अकरा वाजता ती गुणगुणत नाही, अंधारात उजळत नाही, 'तुझ्या मैत्रिणीने काही लिहिले आहे, बघ' असे सुचवीत नाही. आपण काय कापतो, किती वेळ कापतो, कशापाशी थबकतो याची नोंद सुरी ठेवीत नाही आणि ती कारखानदाराला कळवीत नाही. २००६ साली आझा रास्किन नावाच्या रचनाकाराने पडद्यावरचे पान कधी संपूच नये अशी मांडणी घडवली. पुढे त्यांनी स्वतःच तिच्याविषयी जाहीर खेद व्यक्त केला. पान संपले की माणूस क्षणभर थांबतो आणि उठावे की बसावे याचा विचार करतो. तो क्षणच काढून टाकला गेला. मुलगा जागा राहतो तेव्हा त्याच्या हातात फोन असतो हे खरे, पण फोनमध्ये दुसऱ्यांचे अनेक हात असतात. ते हात पगारी आहेत, हुशार आहेत, आणि मुलाने डोळे मिटू नयेत यासाठी कामाला लावलेले आहेत. सुरीचा दृष्टान्त देऊन आम्ही त्या साऱ्यांना निर्दोष सोडले आणि पंधरा वर्षांच्या मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात एकटे उभे केले. हे आम्ही केले, याची आम्हांला लाज वाटते.

मग रूपक कोणते घ्यावे? पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात जाळ्याच्या रूपकापासूनच आरंभ केला होता. जाळ्याला एक मध्य नसतो, त्याचा प्रत्येक धागा आपापला भार उचलतो म्हणून ते टिकते, ही त्याची चांगली बाजू त्यांनी सांगितली. तेच जाळे माणसाला अडकवूही शकते, हेही त्यांनी सांगितले. मग ते संत पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रातल्या शरीर आणि अवयव या रूपकाकडे वळले. संदेशाचे बोट अचूक ठिकाणी आहे. आम्ही त्याला आपल्या किनाऱ्यावरची एक गोष्ट तेवढी जोडू इच्छितो.

अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळी बांधवांना डोल म्हणजे काय ते विचारावे. समुद्रात रोवलेल्या खुंटांना हे मोठे जाळे बांधतात. त्याचे तोंड ऐसपैस असते आणि पुढे ते निमुळते होत जाऊन शेवटी पिशवी होते. डोल माशाचा पाठलाग करीत नाही. ती भरती-ओहोटीच्या वाटेवर तोंड उघडून उभी असते. मासा प्रवाहाबरोबर आत येतो, आणि आपण आपल्या मर्जीने पोहत आहोत असेच त्याला शेवटच्या पिशवीपर्यंत वाटत असावे. नाखवा होडीत असतो, वर, माशाला न दिसणारा. मराठीने इंटरनेटला महाजाल म्हटले, आंतरजाल म्हटले. नाव फार चांगले दिले. पण ते उच्चारताना आपण स्वतःला नेहमी होडीत बसलेले समजतो. आपण होडीत आहोत की पाण्यात, हा प्रश्न जाळ्याजवळ जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारायला नको काय?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की फादर जुन्या काळचे, त्यांना यंत्रच नको आहे. तर २०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद होती तेव्हा आम्हीच फोनपुढे उभे राहून मिस्सा अर्पण केली, आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीआजोबांनी ती पाहिली. त्या फोनचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. कोळी जाळ्याचा द्वेष करीत नाही. जाळे कुणाचे, कुठे बांधले आहे आणि त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे त्याला ठाऊक असते, एवढेच. ते ठाऊक असावे, इतकेच आमचे मागणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शब्द बदलल्याने कंपन्या बदलतील काय, भामटे सुधारतील काय? नाही. कायदे हवेत, पोलिसांची तत्परता हवी, बँकांची दक्षता हवी, आणि ती मागण्यासाठी आपण संघटित झाले पाहिजे. परंतु मागायची कुणाकडे? ढगाकडे अर्ज करता येत नाही. विषाणूवर फिर्याद होत नाही. सुरीला जाब विचारता येत नाही. कर्ता सापडल्याशिवाय न्याय मागताच येत नाही, म्हणून शब्दांपासून आरंभ करावा लागतो. आणि वाचकहो, हा आरंभ फुकट आहे. तो आज रात्री जेवणाच्या पाटावरही करता येईल. 'फोटो ढगात गेले' असे न म्हणता 'मी फोटो अमुक कंपनीच्या संगणकावर ठेवले' म्हणावे. 'व्हायरल झाले' असे न म्हणता 'आम्ही पसरवले' म्हणावे. 'पैसे मिळण्यासाठी पिन टाकायचा आहे' असे कुणी सांगितले, तर देणारा कोण आणि घेणारा कोण ते आधी विचारावे, कारण यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. आणि 'मला अटक झाली' याऐवजी 'एका अनोळखी माणसाने मला फोन केला आहे' एवढेच म्हणावे, फोन ठेवावा, शेजारणीला हाक मारावी आणि १९३० हा क्रमांक लावावा.

बाईंचे पैसे अजून परत आलेले नाहीत. तक्रार नोंदवली आहे, फेऱ्या चालू आहेत. बोलणारी तोंडेही पूर्ण बंद झालेली नाहीत. पण गेल्या महिन्यापासून दर रविवारी मिस्सेनंतर बाई धर्मशिक्षणाच्या वरच्या वर्गात पंधरा मिनिटे उभ्या राहतात. त्या उपदेश करीत नाहीत, आपली कहाणीही रंगवून सांगत नाहीत. मुलांच्या फोनमध्ये आठवडाभरात आलेले एखादे वाक्य त्या फळ्यावर लिहितात. मग खडू हातात धरून, चाळीस वर्षांच्या सवयीने, तोच प्रश्न विचारतात: 'या वाक्यात कर्ता कोण?'

आमच्या साऱ्या प्रवचनांपेक्षा तो प्रश्न बरा आहे. सुरी आम्ही खणात ठेवून दिली आहे.